आठशेचा डबा पाचशेला

सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ हा गेम खेळायचा कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. दुकानांबाहेर रात्रभर रांगेत ताटकळलेल्या पोरांनी तो घरी नेऊन टीव्हीला जोडला. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडो इथल्या आयसप्लाय या कंपनीतली माणसं तसाच एक कोरा करकरीत डबा टेबलावर घेऊन त्याचे स्क्रू काढायला बसली होती. या कंपनीचं कामच ते. बाजारात नवं यंत्र आलं की आणायचं, पार सुटं करायचं, एकेक चिप, एकेक कपॅसिटर ओळीने मांडायचा आणि हा सगळा माल कारखान्याला केवढ्याला पडला असेल याचा अंदाज बांधायचा.

पडद्यावरचं चित्र घडवणारी आरएसएक्स चिप १२९ डॉलर. ब्लू-रे ड्राइव्ह १२५. सेल नावाचा मुख्य प्रोसेसर ८९. जुन्या प्लेस्टेशन २ चे गेम या नव्या डब्यावरही चालावेत म्हणून त्या जुन्या यंत्राचा मेंदूच आत बसवला होता, त्या चिप्सचे २७. असं करत करत २० गिगाबाइटच्या साध्या मॉडेलची बेरीज झाली ८०५ डॉलर ८५ सेंट. दुकानातली किंमत होती ४९९.

डब्यामागे ३०६ डॉलरची पदरमोड! बरं, या बेरजेत कंट्रोलर नाही, वायरी नाहीत, खोकाही नाही. जाहिरात आणि संशोधन तर लांबच राहिलं. ६० गिगाबाइटचं भारीतलं मॉडेल ८४० ला पडत होतं आणि ५९९ ला विकलं जात होतं, म्हणजे तोटा २४१ चा. हे दोन आकडे जरा शेजारी ठेवून बघा. दोन मॉडेलांच्या खर्चात फरक जेमतेम पस्तीस डॉलरचा, किमतीत मात्र शंभराचा. काटकसर करून स्वस्तातला डबा घेणारं गिऱ्हाईक सोनीला जास्त महागात पडत होतं.

हा आकडा बाहेरच्यांच्या अंदाजाचा होता, पण सोनीच्या स्वतःच्या ताळेबंदानेही तीच गोष्ट सांगितली. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात कंपनीच्या गेम विभागाचा तोटा २३,२३० कोटी येन निघाला. यंत्राची किंमत उत्पादनखर्चाच्या खाली ठेवली, हेच त्याचं मुख्य कारण, असंही कंपनीने अहवालात लिहून टाकलं. लाजतबिजत नाही, सरळ.

याला आपण आतबट्ट्याचा व्यवहार म्हणू. पण सोनी एकटी नव्हती. वर्षभर आधी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला, तेव्हा त्याच आयसप्लायने त्याचा खर्च वायरी-चार्जरसकट सुमारे ५२५ डॉलर काढला होता. तो ३९९ ला विकला जात होता. २०२१ मध्ये एपिक ही गेम कंपनी आणि ॲपल यांच्यातल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांना न्यायालयात शपथेवर विचारलं गेलं, की एक्सबॉक्सच्या यंत्रविक्रीवर कंपनीने कधी नफा कमावलाय का? उत्तर आलं, नाही. कधीच नाही. वीस वर्षांचा धंदा, कोट्यवधी डबे विकलेले, आणि डब्यावर एक छदाम सुटलेला नाही.

मग पैसा येतो कुठून? स्वतःच्या खर्चाने नदीवर पूल बांधायचा, तो जवळजवळ फुकटात लोकांसाठी खुला करायचा आणि मग त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रककडून टोल घ्यायचा, असा हा मामला आहे. ट्रक म्हणजे गेम. ते बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या. त्यांना खेळणाऱ्यापर्यंत पोचायचं तर पुलाशिवाय गत्यंतर नाही. २०१० च्या सुमारास अमेरिकेत ६० डॉलरला मिळणाऱ्या गेमची फोड साधारण अशी होती: प्रकाशकाला २७, दुकानदाराला १५, परत येणारा माल आणि सवलती यांत ७, डिस्क-खोका-वाहतुकीला ४, आणि कन्सोल बनवणाऱ्याचा टोल ७.

सात डॉलर! ३०६ चा खड्डा सात-सातने बुजवायचा तर एकेका गिऱ्हाइकाने चव्वेचाळीस गेम विकत घ्यायला हवेत. एवढे गेम कोण घेतं? सरासरी माणूस यंत्राच्या आयुष्यभरात आठ-दहा घेतो. म्हणजे ‘गेमवर सगळं वसूल होतं’ हे जे सगळे बिनदिक्कत सांगतात, ते नुसत्या पाटी-पेन्सिलच्या हिशेबातही टिकत नाही. कंपनीचे स्वतःचे गेम असतात, त्यांवर सातापेक्षा पुष्कळ जास्त सुटतं. जादा कंट्रोलर असतात. पुढे इंटरनेटवरून गेम विकायला लागल्यावर टोल ३० टक्क्यांवर गेला. तरीही हिशेब जुळतो तो आणखी एका भागीदारामुळे. तो भागीदार म्हणजे काळ. त्याच्याकडे येतोच, पण आधी पुलाला वळसा घालणाऱ्यांची गोष्ट सांगायला हवी.

टोल वसूल करायचा तर बाजूने कच्चा रस्ता असून चालत नाही. अटारी या कंपनीच्या पुलाला असा रस्ता होता. तिच्या २६०० या यंत्रावर कुणीही कार्ट्रिज बनवून विकू शकत होतं, अडवणारं काहीच नव्हतं. १९८२-८३ मध्ये अमेरिकी दुकानं भिकार गेमांनी भरून वाहिली, माल पडून राहिला, किमती कोसळल्या आणि धंदाच बसला. अटारीने न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत नेऊन पुरली. २०१४ मध्ये लोकांनी ती उकरून काढली, तेव्हा मातीतून ‘ई.टी.’ या गेमची खोकी निघाली. निन्टेंडोने धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या एनईएस या यंत्रात तिने एक छोटी कुलूपचिप बसवली. कार्ट्रिजमध्ये जोडीची चिप असल्याशिवाय यंत्र चालूच व्हायचं नाही, आणि ती चिप फक्त निन्टेंडोकडे.

आपल्याकडे याचं उलटं चित्र होतं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत टीव्हीला जोडलेले जे ‘व्हिडिओ गेम’ असायचे, ते बहुतेक निन्टेंडोच्या जपानी यंत्राच्या नकला. कार्ट्रिजवर ९९९९ गेम असं छापलेलं आणि आत तेच आठ-दहा फिरून फिरून! नक्कल करणाऱ्याला टोल मिळणार नव्हता, म्हणून त्याने डब्यावरच नफा काढला. त्याला तो काढता आला, कारण संशोधन दुसऱ्याचं आणि चिप दहा वर्षं जुनी. पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्लेस्टेशनला मॉडचिप लावून मिळायची. कॉपी केलेली डिस्क घातली तरी यंत्र मुकाट चालायचं. घेणाऱ्याला वाटायचं, आपण गेमचे पैसे वाचवले. टोक्योतल्या हिशेबनिसाच्या वहीत मात्र अख्खा पूल फुकट गेलेला असायचा.

कच्च्या रस्त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक मात्र लॅमिंग्टन रोडवरचं नव्हतं. ते अमेरिकेचं हवाई दल होतं. प्लेस्टेशन ३ वर, म्हणजे पीएस३ वर, सुरुवातीला लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली टाकायची सोय होती. सेल प्रोसेसर आकडेमोडीत भलताच तयारीचा, आणि डबा खर्चाच्या तुलनेत मातीमोल. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम गावच्या प्रयोगशाळेत हवाई दलाने १,७६० पीएस३ एकमेकांना जोडून २०१० मध्ये ‘काँडोर क्लस्टर’ नावाचा महासंगणक उभा केला. खर्च सुमारे २० लाख डॉलर. तेवढ्याच ताकदीचं रीतसर यंत्र दहापट तरी महाग पडलं असतं, असं त्यांचंच म्हणणं. रडारच्या चित्रांवर काम करणाऱ्या या यंत्रासाठी गेम एकही लागणार नव्हता, म्हणजे टोल शून्य. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोनीने सुरक्षेचं कारण देऊन लिनक्सची सोय काढून टाकली. कारण खरं असेलही. पण कच्चा रस्ता बुजला.

आता काळाकडे. अमुक डबा तोट्यात जातो असं म्हणताना आपण पहिल्या दिवसाबद्दल बोलत असतो, आणि कन्सोल तर सात-आठ वर्षं विकला जातो. पीएस३ चंच बघा. २००८ च्या शेवटी आयसप्लायने पुन्हा एक डबा उघडला. दोन वर्षांत खर्च ८०० वरून ४४९ डॉलरवर आला होता. कसा? जुन्या मॉडेलमध्ये ४,०४८ सुटे भाग होते, नव्यात २,८२० उरले. बाराशेहून जास्त भाग गायब, आणि खेळणाऱ्याच्या हाताला फरक कळत नाही. सेल चिप ९० नॅनोमीटरवरून ६५ वर आली, तिचा आकार घटला. सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त नग निघू लागले. चिप लहान म्हणून ती कमी तापते. तापत नाही म्हणून पंखा लहान, विजेचा पुरवठा लहान, खोका लहान. खोका लहान म्हणून जहाजाच्या एका कंटेनरमध्ये जास्त नग बसतात. एका चिपवरची रेघ बारीक झाली की त्याचा फायदा असा गोदीपर्यंत जातो, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

घरात जुना प्लेस्टेशन पडला असेल तर तो उलटा करून मागची बाजू बघा. सुरुवातीच्या अमेरिकी मॉडेलला लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरींची तीन भोकं यंत्रातच होती, शिवाय झाकणाखाली एक लांबट पोर्ट. पुढच्या मॉडेलात ती तीन भोकं गेली. आणखी पुढे ते पोर्टही गेलं. कुणी फारशी तक्रार केली नाही. प्रत्येक भोकाबरोबर काही सेंट वाचले, आणि दहा कोटी नग विकायचे असले की सेंटांचे कोट्यवधी डॉलर होतात.

ज्यांना काळाची भागीदारी जमली नाही, ते बुडाले. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्सची चित्रचिप एनव्हिडिया कंपनीकडून आयती विकत घेतलेली होती. चिप लहान करून स्वस्त करायची तर ती एनव्हिडियाच्या मर्जीने. किमतीवरून दोघांत वाजलं, प्रकरण लवादापर्यंत गेलं. शिवाय यंत्रात हार्ड डिस्क. मोटर, चकत्या, धातूचं कवच यांना एक किमान किंमत असते. काळाबरोबर तेवढ्याच पैशांत जास्त जागा मिळते, पण तेवढीच जागा निम्म्या पैशांत मिळत नाही. खर्च एका पायरीवर येऊन अडकला आणि प्लेस्टेशन २ ची किंमत तेवढ्यात खाली खाली चालली होती. पुढच्या खेपेला मायक्रोसॉफ्टने चिप्सची मालकी आपल्याकडे ठेवली आणि एक्सबॉक्स ३६० चं सर्वांत स्वस्त मॉडेल हार्ड डिस्कशिवाय काढलं.

त्याहून करुण कहाणी १९९३ मध्ये बाजारात आलेल्या ३डीओ या कन्सोलची. ट्रिप हॉकिन्स या हुशार माणसाने ठरवलं, आपण यंत्र बनवायचंच नाही. आराखडा आपला, डबा पॅनासॉनिकसारख्या कंपन्यांनी बनवायचा, आणि आपण गेममागे फक्त ३ डॉलर घ्यायचे. गेम बनवणारे खूश. पण पॅनासॉनिकला गेममधून काय मिळणार? काही नाही. मग तिने टीव्ही-व्हीसीआरवर काढतात तसा रीतसर नफा डब्यावरच काढला, आणि डब्याची किंमत झाली ६९९ डॉलर ९९ सेंट. टोल एकाचा, पूल दुसऱ्याचा. यंत्र उत्तम होतं, तरी काही वर्षांत गाशा गुंडाळावा लागला.

निन्टेंडोचं मात्र बहुतेकदा वेगळंच. पीएस३ नंतर दोनच दिवसांनी आलेला तिचा वी हा कन्सोल जुन्या धाटणीच्या स्वस्त चिप्सवर बेतलेला होता, २५० डॉलरला विकला जात होता आणि पहिल्या दिवसापासून नफ्यात होता. शेवटी तो दहा कोटींहून जास्त खपला. पीएस३ पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबला.

काळ हा भागीदार आता म्हातारा झालाय. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ ला मिळू लागला. प्लेस्टेशन ५ आला २०२० मध्ये, ४९९ ला. ऑगस्ट २०२५ मध्ये, जवळपास पाच वर्षांनी, त्याची किंमत झाली ५४९. आपल्याकडेही ४९,९९० चा डबा नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० चा झाला. चिप अजूनही लहान करता येते, पण लहान करण्याचा खर्चच इतका वाढला की एकेक नग पूर्वीसारखा स्वस्त पडत नाही. वर चलनाचे चढउतार, आयातशुल्क. जुनं झालेलं यंत्र महाग होणं हा प्रकार या धंद्याने पूर्वी फारसा पाहिलेला नव्हता.

या सगळ्यात दुकानदार कुठे? कंपनी तोटा सोसते तो स्वतःच्या मर्जीने, पुढचं दिसतं म्हणून. दुकानदाराला कुणी विचारत नाही. अमेरिकेतली सर्वांत मोठी गेमदुकानांची साखळी म्हणजे गेमस्टॉप. २०१२ च्या आर्थिक वर्षात तिला नव्या कन्सोलवर ढोबळ नफा मिळाला साडेसात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाचशेच्या डब्यावर अडतीस-चाळीस डॉलर, आणि त्यातूनच भाडं, पगार, वीज, कार्डवाल्यांचा कट. एवढा मोठा खोका, जागा अडवणारा, चोरी झाली तर तेरा डबे विकल्यावर भरपाई होणारा! म्हणून तर गल्ल्यावरचा पोरगा डबा बांधता बांधता हमखास विचारतो, ‘जादा कंट्रोलर देऊ का? चार्जिंग स्टँड?’ खरी कमाई त्या वाक्यात असते.

नव्या गेमवर त्याच वर्षी सुमारे २२ टक्के सुटले. आणि जुन्या, वापरलेल्या मालावर ४८. गिऱ्हाईक खेळून झालेली डिस्क घेऊन येतं, दुकानदार त्याला थोडी रक्कम देतो, शक्यतो रोख न देता दुकानातच वळती होईल अशी, आणि तीच डिस्क पुसून जवळपास नव्याच्या भावाने विकतो. या दुसऱ्या विक्रीत गेम बनवणाऱ्याला दमडी नाही आणि पुलाच्या मालकाला टोल नाही. एकच डिस्क चारदा फिरली तर चारदा कमाई, सगळी दुकानाची. कंपन्यांच्या पुलावर दुकानदाराने आपला खासगी नाका टाकला होता म्हणा ना! मला तरी यात काही गैर वाटत नाही.

कंपन्यांना अर्थातच ते खुपत होतं. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनच्या वेळी डिस्कची फेरविक्री आपल्या ताब्यात आणायचा घाट घातला. लोक खवळले. सोनीने संधी साधून एक छोटी चित्रफीत काढली, ‘प्लेस्टेशन ४ वर गेम मित्राला कसा द्यावा’: एक अधिकारी दुसऱ्याच्या हातात डिस्क ठेवतो, संपलं. जून संपायच्या आत मायक्रोसॉफ्टने माघार घेतली.

दुकानदाराला दुखावण्याची किंमत सेगाने आधीच मोजली होती. मे १९९५ मध्ये तिने सॅटर्न हा कन्सोल ठरलेल्या तारखेच्या चार महिने आधी अचानक, ३९९ डॉलरला, चारच निवडक साखळ्यांच्या दुकानांत उतरवला. वगळलेल्यांपैकी केबी टॉईज इतकी चिडली, की तिने सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. त्याच दिवशी सोनीचा एक अधिकारी व्यासपीठावर आला, प्लेस्टेशनची किंमत ‘२९९’ एवढंच म्हणाला आणि खाली उतरला.

२००९ मध्ये सोनीने डिस्कच लागत नाही असा पीएसपी गो काढला, तेव्हा नेदरलँड्समधल्या एका साखळीने तो ठेवायला चक्क नकार दिला. डब्यावर काही सुटत नाही आणि पुढे गेमही आमच्याकडून जाणार नाहीत, मग आम्ही फळीवर जागा का द्यायची? साधा सवाल. पण तो नकार फार काळ परवडणारा नव्हता. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स या दोघांचीही बिनडिस्कची मॉडेलं आली. त्याच वर्षी गेमस्टॉपने मायक्रोसॉफ्टशी करार केला: आमच्या दुकानातून गेलेल्या एक्सबॉक्सवर पुढे इंटरनेटवरून जे गेम घेतले जातील, त्यांतला थोडा वाटा आम्हाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आला, ७०० डॉलरचा, डिस्क ड्राइव्हशिवाय. ज्याला हवा त्याने तो ८० डॉलरला वेगळा घ्यायचा. घोषणा झाल्याबरोबर लोकांनी आधी ड्राइव्हवर उडी घातली. यंत्र यायला दोन महिने होते, आणि कितीतरी दुकानांत ड्राइव्ह संपलेसुद्धा.